सातव्या वर्षाची रजा

रजा या विषयावर अधिकारवाणीनं बोलू शकतील अशा जमाती आपल्याकडे दोनच. एक बँकेतले कारकून आणि दुसरे प्राध्यापक. फरक इतकाच की आम्ही रजेवर गेलो की काउंटरपुढची रांग आम्हांला शिव्या देते आणि प्राध्यापक रजेवर गेले की त्यांचा वर्ग त्यांना मनापासून दुवा देतो.

त्यामुळे परवा आमचे शेजारी प्राध्यापक जिन्यात भेटले आणि म्हणाले, "उद्यापासून दोन आठवडे ड्यूटी लीव्ह," तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल पुढे वाटलं.

"कशासाठी हो?"

"रिफ्रेशर कोर्स आहे."

"अरे वा! कुठल्या गावी?"

"आतल्या खोलीत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उसनी आणलेली वाटीभर साखर परत करायच्या निमित्तानं मी जाऊन बघून आलो. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर पन्नासएक चौकोन, त्यांतल्या निम्म्यांत माणसं आणि निम्म्यांत नुसती नावं. प्राध्यापकमजकूर कमरेच्या वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेषात ज्ञानार्जनाला बसले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून खुणेनंच विचारत होत्या, "आवाज बंद आहे ना?" आणि त्यांनी मान हलवली की मिक्सर लावत होत्या.

"काय शिकवतायत?" मी कुजबुजलो.

"कुणाला ठाऊक! हजेरी लागली म्हणजे झालं. सर्टिफिकेट हवंय."

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. ताळेबंद चार आण्यांनी जुळत नसला तरी मला रात्री झोप लागत नाही. जो माणूस दुसऱ्याला शिकवतो त्यालाच शिकायला रजा द्यायची, ही कल्पना मुळात निघाली कुठून आणि ती आमच्या इमारतीतल्या आतल्या खोलीपर्यंत आली कशी, याची मूळ नोंद सापडेपर्यंत मला चैन पडेना. चार पुस्तकं चाळली, आणि जे हाती लागलं ते असं.

पहिली नोंद शेतीखात्यात सापडते. ज्यूंच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे की सहा वर्षं जमीन पिकवावी आणि सातव्या वर्षी ती पड ठेवावी. जमिनीलासुद्धा विसावा लागतो, एवढंच त्यातलं शहाणपण. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते कुणी सांगावं लागत नाही. पण जे शेतकऱ्याला कळतं ते कॉलेजच्या चालकांना कळायला १८८० साल उजाडावं लागलं. त्या साली अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष होते चार्ल्स एलियट. त्यांना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला एक विद्वान आपल्याकडे ओढायचा होता. त्याचं नाव चार्ल्स लॅनमन आणि विषय, बसल्या जागी घट्ट धरून बसा, संस्कृत! आपल्याकडे संस्कृतच्या वर्गाला मुलं मिळावीत म्हणून मार्कांचं आमिष दाखवतात. तिकडे मास्तर मिळावा म्हणून रजेचं आमिष दाखवलं. सहा वर्षं शिकवा आणि सातव्या वर्षी अर्ध्या पगारावर वर्षभर खुशाल रजा घ्या. ज्यूंच्या 'सब्बाथ'वरून या रजेला 'सबॅटिकल' असं भारदस्त नाव पडलं. लॅनमनसाहेब आले.

आले ते राहिलेच. रोज नदीत होडी वल्हवायची आणि पोरांना संस्कृत शिकवायचं, असा त्यांचा क्रम. १८८९ साली ते हिंदुस्थानात आले आणि संस्कृत-प्राकृत पोथ्या नि पुस्तकं मिळून पाचशेच्या घरात ऐवज हार्वर्डसाठी घेऊन गेले. पुढे १८९१ पासून त्यांच्या संपादकत्वाखाली 'हार्वर्ड ओरिएंटल सीरिज' ही ग्रंथमाला सुरू झाली. म्हणजे रजेच्या आमिषानं आणलेल्या माणसाचं व्याज चांगलंच वसूल झालं.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटणार होतो, तेवढ्यात या लॅनमनसाहेबांचा एक विद्यार्थी भेटला. अध्यक्ष एलियट यांच्याच दूरच्या नात्यातला एक तरुण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांच्याकडे संस्कृत शिकला. नाव टी. एस. एलियट. पुढे तो लंडनला गेला आणि १९१७ साली लागला कुठं? तर लॉइड्स बँकेत! वाचकहो, इथे माझी छाती दोन इंच फुगली. आठ वर्षं त्यानं बँकेत काढली. १९२१ साली त्याची प्रकृती पार ढासळली, तेव्हा बँकेनं त्याला तीन महिन्यांची रजा दिली. त्या रजेत त्यानं एका लांबलचक कवितेचा बराच भाग लिहून काढला. १९२२ साली ती छापून आली. नाव 'द वेस्ट लँड', म्हणजे पडीक जमीन. तिचा शेवट उपनिषदातल्या शब्दांनी होतो. लॅनमनसाहेबांनी शिकवलेलं संस्कृत दहा वर्षांनी असं कामाला आलं.

रजेवरून परतताना बँकेनं त्याच्याकडे 'रजेत काय केलंत त्याचं प्रमाणपत्र जोडा' म्हटल्याचं कुठं वाचनात आलं नाही. अर्थात सगळेच कारकून एलियट नसतात. मला बँकेनं तीन महिने रजा दिली तर मी घराला रंग काढीन आणि उरलेल्या वेळात माळा आवरीन.

आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं असं समजू नका. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि दुसऱ्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तिथले आजीव सभासद वीस वर्षं शिकवण्याची शपथ घेत. मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातून आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले, आणि मग परत कुठं आले? तर दरमहा पाऊणशे रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवायला! १९०२ साली ते तिथले प्राचार्य झाले. अशा माणसाला कुणी प्रमाणपत्राची सत्यप्रत मागितली असती, तर मागणाराच लाजेनं मेला असता.

पण रँग्लर काही दर पावसाळ्यात उगवत नाहीत. स्वातंत्र्य मिळालं, गावोगावी कॉलेजं निघाली, प्राध्यापक शेकड्यांनी लागायला लागले. १९४८ साली, म्हणजे आमच्या बँकवाल्या एलियटला नोबेल मिळालं त्याच वर्षी, सरकारनं डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष स्वतः हाडाचे प्राध्यापक. शाळांतल्या आणि इंटरमीजिएट कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी विद्यापीठांनी सुट्टीत रिफ्रेशर कोर्स भरवावेत, असं या आयोगानं सुचवलं. मग १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग आला. नव्या अधिव्याख्यात्याला एकदम वर्गात ढकलू नका, आधी त्याला चांगल्या शिक्षकांचे तास ऐकू द्या, त्याच्यासाठी ओळखवर्ग भरवा, असं त्यानं सांगितलं. मला हे फार पटलं. बँकेत नव्या कारकुनाला निदान आठ दिवस कुणाच्या तरी शेजारी बसवून व्हाउचरं बघायला लावतात. प्राध्यापकाला मात्र पहिल्याच दिवशी हातात खडू देऊन ऐंशी पोरांपुढे उभं करायचं! शिकवायचं कसं हे शाळेच्या मास्तरानं बी.एड. करून शिकायचं आणि प्राध्यापकानं ते पोटातूनच शिकून यायचं, अशी आपल्याकडची समजूत.

हळूहळू सोयी झाल्या. साठाच्या दशकात विज्ञानाच्या शिक्षकांसाठी अमेरिकेच्या मदतीनं उन्हाळी वर्ग निघाले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल., पीएच.डी. करू बघणाऱ्या प्राध्यापकाला सुट्टी द्यायची आणि त्याच्या बदलीच्या माणसाचा पगारही सोसायचा, अशी योजना काढली. आणि १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्याच्या पाठोपाठ देशभर 'अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं' उभी राहिली. नव्यांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स, जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. प्राध्यापकांनी होस्टेलात राहायचं, मेसमध्ये जेवायचं, बाकावर बसायचं. आणि इथेच एक खुंटी मारून ठेवली. वरची वेतनश्रेणी हवी असेल तर कोर्स केलाच पाहिजे.

या खुंटीला हसायचा अधिकार मला नाही. मुंबईत १९२८ साली निघालेल्या बँकर्सच्या इन्स्टिट्यूटच्या परीक्षा मी दिल्या, त्या काही बँकिंगवरच्या भक्तीपोटी नव्हे. पास झालं की जादा इन्क्रिमेंट मिळतं म्हणून दिल्या. माणूस इन्क्रिमेंटसाठी वाचायला बसतो आणि वाचता वाचता चुकून चार गोष्टी शिकतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

पण नोंदी पुढे सरकल्या तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. २०१० साली प्राध्यापकाच्या प्रत्येक हालचालीला गुण द्यायची पद्धत आली. आठवड्याचा कोर्स, दहा गुण. दोन-तीन आठवड्यांचा, वीस गुण. मग फायली जाड व्हायला लागल्या. २०१५ साली स्टाफ कॉलेजांचं नाव 'मानव संसाधन विकास केंद्र' झालं. २०२३ साली पुन्हा बारसं झालं आणि 'मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र' हे नाव ठेवलं. देशात अशी १११ केंद्रं ठरली. दरम्यान कोर्सही होस्टेलातून निघून लॅपटॉपवर आले. एकूण हिशेब काय? १८८० साली रजा वर्षाची आणि प्रमाणपत्र शून्य. आता रजा दोन आठवड्यांची, तीही आतल्या खोलीत, आणि प्रमाणपत्र मात्र रंगीत, बारकोडसकट. जमीन पड ठेवायची सोडून आम्ही बांधावर पाटी लावतो, 'ही जमीन पड ठेवण्यात आली आहे.'

असा निकाल लिहून मी खातं बंद करणार होतो. पण जमेची एक नोंद राहून जात होती, आणि ती माझ्या स्वतःच्या नावावर होती.

मी बी.कॉम.ला होतो तेव्हा, २००० साली, अकाउंटन्सी शिकवणारे आमचे सर वर्गात नोट्स सांगत. आम्ही उतरवून घेत असू. भागीदारी बुडाली, त्यातला एक भागीदार नादार निघाला, तर त्याचं देणं कुणी भरायचं, असा एक भाग आहे. 'गार्नर विरुद्ध मरे' म्हटलं की आजही कॉमर्सवाल्यांच्या कपाळावर आठी चढते. सरांनी तो तीन तास सांगितला, आम्ही तीन तास लिहिला, आणि कुणाला काडीचा कळला नाही. मी तर त्या पेपरात नापास होणार हे घरी आधीच सुचवून ठेवलं होतं.

मधेच सर तीन आठवडे रिफ्रेशरला गेले. आम्ही रीतसर दुवा दिला. परत आले तेव्हा पहिल्या तासाला वही न उघडताच म्हणाले, "पोरांनो, मी तीन आठवडे शेवटच्या बाकावर बसून आलो. जेवणानंतरच्या तासाला डुलक्या काढल्या. एका विषयाचे चार दिवस मला काही समजलं नाही आणि हात वर करून तसं सांगायची लाज वाटली. तेव्हा आता खरं सांगा, गार्नर-मरे कुणाकुणाला कळलं नाही?"

वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मग एक हात वर गेला, मग दुसरा, मग माझा. शेवटी मोजायला सोपं जावं म्हणून सरांनी 'ज्यांना कळलं त्यांनी वर करा' म्हटलं. दोन हात.

सर हसले. खडू घेतला. "तिघांनी मिळून चहाची टपरी काढली. टपरी बुडाली. एकाचा खिसा फाटका निघाला. आता त्याचं देणं उरलेल्या दोघांनी नफा ज्या प्रमाणात वाटला त्या प्रमाणात सोसायचं, की भांडवल ज्या प्रमाणात घातलं त्या?" मग अर्धा तास भांडण झालं. भांडवलाच्या प्रमाणात, हे उत्तर मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी त्या पेपरात पास झालो. बँकेत लागलो, घर उभं राहिलं, तुम्हांला हा लेख वाचावा लागतो आहे. हे सगळं सरांच्या त्या तीन आठवड्यांच्या रजेवरचं व्याज. त्या कोर्सात सरांना कुणी काय शिकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण न कळणाऱ्या माणसाला बाकावर कसं वाटतं, एवढं ते नक्की शिकून आले होते.

ही गोष्ट मी शेजारच्या प्राध्यापकांना गॅलरीत उभं राहून सांगितली. ते काही बोलले नाहीत. "बघू," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. जरा चाचरत, पण स्पष्ट. "सर, माफ करा, मला हे कळलं नाही. पुन्हा एकदा सांगता का?"

आता इतक्या दिवसांत त्यांनी आवाज पहिल्यांदाच चालू केला होता. वहिनींना त्याची कल्पना असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे मिक्सर लावला. देशभरातल्या पन्नास प्राध्यापकांना त्या दिवशी दुसरं काय कळलं ते मला ठाऊक नाही. आमच्या शेजारी चटणी वाटली जातेय, एवढं मात्र सगळ्यांना कळलं.