वह्या सरकारजमा असताना

कोल्हापूर आणि लोकमान्य टिळक म्हटले की बर्वे प्रकरण आठवते. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी छापलेल्या मजकुरावरून बदनामीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांचे पुस्तक त्याच वर्षी काढले. पत्रकाराला शोभणारीच ही त्वरा. टिळकांच्या पुढच्या, मोठ्या तुरुंगवासातून आलेल्या ग्रंथाची चाल मात्र अगदी निराळी आहे.

पुस्तक लिहून होणे आणि ते छापून येणे यांमधल्या काळाचा इतिहास मराठीत कोणी लिहायला घेतलाच, तर त्याने 'गीतारहस्या'पासून आरंभ करावा असे आम्ही सुचवू. मंडालेत टिळकांनी २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या अवधीत पहिला खर्डा पुरा केला. शाईची परवानगी नव्हती, म्हणून लेखन पेन्सिलीने. सुटे कागद नाहीत, पाने मोजून बांधलेल्या वह्या. म्हणजे पाच महिन्यांत ग्रंथ उभा राहिला. तो प्रसिद्ध झाला जून १९१५ मध्ये. मधली सव्वाचार वर्षे आपल्या वाङ्मयेतिहासात एका वाक्यात उरकली जातात.

जून १९१४ मध्ये सुटका झाली, पण वह्या तपासणीसाठी सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळणार नाहीत अशी शंका मित्रांना येऊ लागली, तेव्हा वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून तो पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती वर्गात आम्हीही सांगतो. पण तिच्यामुळे सारे श्रेय अलौकिक स्मरणशक्तीकडे जाते आणि त्याआधीची तीन वर्षे झाकली जातात, हे आम्हांस खटकते. ग्रंथ डोक्यात राहिला, कारण खर्डा संपल्यावरही टिळकांनी त्याचा नाद सोडला नव्हता. नवे सुचेल तसे ते फेरफार करीत राहिले. मंडालेतच त्यांनी पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. घरून ग्रंथ मागवले. १९१२ साली सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना त्याच कोठडीत कळली. वाट पाहणे म्हणजे नुसते दिवस मोजणे नव्हते. दिवस रिकामे जाऊ न देणे, हीच त्या माणसाची जिद्द असावी.

प्रस्तावनेतला एक साधा तपशील आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मंडालेत सगळी पुस्तके हाताशी नसल्याने काही भाग अपुरे होते. ते सुटकेनंतर संदर्भ पाहून पुरे केले, असे टिळक तेथे सांगतात. पाठ असलेल्या ग्रंथालाही मूळ पोथीशी ताडून पाहणे त्यांना आवश्यक वाटले! प्रकाशकाचे उत्तर येत नाही म्हणून हवालदिल होणारे तरुण लेखक आम्हांस दरवर्षी भेटतात. त्यांतील किती जण दरम्यान आपलीच अवतरणे पुन्हा तपासतात, हे विचारण्याचा मोह होतो.

वह्या परत आल्या, पण युद्धामुळे कागद अपुरा पडण्याची धास्ती होती; डी. पदमजी आणि सन यांनी देशी कागद पुरवला तेव्हा ती अडचण सरली. मंडालेतलेच दुसरे लेखन, वेदकाल आणि वेदांगज्योतिष यांविषयीचे इंग्रजी प्रकरण, मात्र टिळकांच्या हयातीत निघाले नाही. ते १९२५ साली, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी छापले गेले.