एकच जाजम : बायकांच्या बैठकीची गोष्ट

संक्रांत जवळ आली की आपल्या गटात एकच विषय निघतो. हळदीकुंकू कुणाच्या घरी, कधी, आणि वाण काय लुटायचं? आज त्याच निमित्तानं थोडं मागं जाऊ. आपल्या आज्या-पणज्या एकत्र कशा बसायच्या, ते बघू.

आधी जात्यापाशी जाऊ. गावात पिठाची गिरणी येण्याआधी रोजचं पीठ घरीच दळावं लागे. कोंबडा आरवायच्या सुमाराला बाई उठायची. मोठं दळण असलं की जाऊ नाहीतर शेजारीण समोर बसायची. एका खुंट्याला दोघींचे हात. ते काही सुखाचं काम नव्हतं, खांदे भरून यायचे. जातं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. पण त्या कष्टात एक सोय होती. हात कामात, नजर पिठावर आणि जात्याची घरघर चालू. अशा वेळी मनातलं बोलायला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. एकीनं ओवी धरली की दुसरी उचलायची. माहेर, भाऊ, सासुरवास, पोटच्या लेकीची काळजी, सगळं ओवीत यायचं. जिला काही सांगायचं नसेल तिनं नुसतं दळावं, कुणी विचारायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायांच्या साथीनं अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. एवढं मन मोकळं झालं, तेही कुणी सभा बोलावलेली नसताना.

आता हादगा बघा. कुठं भोंडला म्हणतात. खानदेशात-विदर्भात भुलाबाई असते, ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसते. हस्त नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की पाटावर हत्ती काढायचा, तो मधे ठेवायचा आणि भोवती फेर धरायचा. यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे मधोमध हत्ती असतो, कुणी बाई नसते. त्यामुळं कुणी मोठी नाही, कुणी पाहुणी नाही. गाणं येत नसलं तरी फेरात पाय चालतात. दुसरी गोष्ट खिरापतीची. डब्यात काय आहे ते ओळखायचं, एवढीच गंमत. डबा हलवून बघायचा आणि हसत सुटायचं. आत भिजवलेली डाळ असो की चुरमुरे, ओळखण्यातच मजा. महाग खिरापत आणली म्हणून कुणाचा मान वाढत नाही, आणि आज या घरी तर उद्या त्या घरी, म्हणून एकीवर भारही पडत नाही.

आता संक्रांतीकडं येऊ. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकी सावित्रीबाई फुले. त्यांनी १८४८ साली जोतीरावांसोबत पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांनी तिळगुळाचा कार्यक्रम केला होता, हे फार जणींना माहीत नसतं. पुण्यात महिला सेवा मंडळ होतं आणि सावित्रीबाई त्याच्या सेक्रेटरी होत्या. १८५२ च्या जानेवारीत संक्रांतीच्या निमित्तानं मंडळानं बायकांना बोलावणं धाडलं. कलेक्टरसाहेबांच्या पत्नी मिसेस जोन्स अध्यक्ष होत्या. बोलावण्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती : कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी भेद होणार नाही, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल.

तेव्हा सावित्रीबाईंचं वय होतं एकवीस. ज्या काळात सावलीचाही विटाळ धरत, त्या काळात हे लिहायला केवढी छाती लागली असेल! आणि त्यांनी निवडलं काय? भाषण नाही, मोर्चा नाही. बायकांना ओळखीचा तिळगुळ निवडला. सण तोच, फक्त बसायची रीत बदलली.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षं होत आली. आपलं जाजम एक झालं का? आपल्या हळदीकुंकवाला कोण येत नाही, ते मोजून बघा. नवरा गेलेली बाई दाराआडून बघते. कुठल्या तरी आळीला बोलावणंच जात नाही. आणि एखादी बोलावूनही येत नाही, कारण घेतलेल्या वाणाची परतफेड करायला तिच्याकडं पैसे नसतात. पूर्वी सुगडात ऊस, बोरं, हरभरा, गव्हाची ओंबी असे, म्हणजे शेतातलंच. आता डबे, ताटल्या आणि कुणाचं वाण भारी याची चढाओढ. जी बैठक बाईला हलकं करायला होती, तीच तिच्या डोक्यावरचं ओझं झाली.

पण रीत बदलता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला : नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तिला कार्यक्रमातून दूर ठेवायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

मग यंदा आपल्या गटानं काय करावं? जातं, हादगा आणि १८५२ चं जाजम, तिन्हींकडून थोडं थोडं घ्या. हाताला काम ठेवा : प्रत्येकीनं जुनं लुगडं आणावं आणि सगळ्यांनी मिळून एक गोधडी शिवावी. टाका घालता घालता बोलणं आपोआप निघतं. नवी आलेली बाई गप्प राहिली तरी अवघडत नाही, तिच्या हातात सुई असते. वाण नको, तिळगूळ पुरे. फार तर प्रत्येकीनं घरातलं मूठभर काहीतरी झाकून आणावं आणि बाकीच्यांनी ओळखावं. उशीर झाला तर चालेल, लवकर उठली तरी चालेल, कारण दावणीला जनावरं आणि चुलीवर आधण प्रत्येकीच्या घरी असतं. जागा एखादीच्या ओसरीपेक्षा शाळेची किंवा समाजमंदिराची बघा, म्हणजे उंबरठा कुणाचाच नाही.

आणि बोलावणं धाडताना यादी करू नका. घर सोडून घर जाऊ नका, ओळीनं जा. जी दाराआडून बघते तिच्या दारी दोघीतिघी मिळून जा. "या" एवढंच म्हणून परतू नका, "आमच्याबरोबर चला" म्हणा. ती पहिल्या वेळी येणार नाही कदाचित. गोधडी एका दिवसात शिवून होत नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात परत जा. तिच्या लुगड्याचा तुकडा त्या गोधडीत लागला पाहिजे.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि जाजम मोठं अंथरा.