व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी मुकादम होता

‘सोशल मीडियातून रोजगार’ हा विषय घेताय? मग सुरुवात 2009 च्या व्हॉट्सअ‍ॅपपासून करू नका. धारूर तालुक्यात या. कोरडवाहू डोंगरपट्टा, त्यात 1972 चा दुष्काळ. काम शोधायचं म्हणजे ओळखीतला मुकादम गाठायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल, आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याची वाट.

1973 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटरनं मांडलं, की नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते. अमेरिकेतल्या नोकरदारांबद्दल ते पटतं. पण इथं ओळखीसोबत कर्जही येतं ना! उचल फिटली नाही, की पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे. म्हणून मुलाखतीत ‘निरोप मोबाईलवर आला का?’ एवढ्यावर थांबू नका. उचल कुणी दिली, आणि बाईच्या हातात त्यातली किती आली, तेही विचारा.