आगमनकाळाचा उपवास : गॉल व रोम येथील दोन परंपरा

नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी व्यापलेल्या काळास पाश्चात्य ख्रिस्ती उपासनाक्रमात ‘आद्व्हेंतुस’ अशी लॅटिन संज्ञा आहे. मराठी कॅथलिक परिभाषेत त्यास आगमनकाळ म्हणतात. हा काळ आत्मिक सिद्धतेचा होय, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते त्या सिद्धतेच्या स्वरूपाविषयी. ईस्टरपूर्व उपवासकाळाप्रमाणे ही सिद्धता पश्चात्तापाची मानावयाची, की येणाऱ्या प्रभूच्या प्रतीक्षेची? आगमनकाळ म्हणजे ‘धाकटा उपवासकाळ’ असे पुष्कळदा सरसकट म्हटले जाते. साधने कालक्रमाने लावून पाहिली असता हे विधान अर्धेच खरे ठरते.

या संदर्भात सर्वांत जुना म्हणून जो पुरावा पुढे केला जातो, तो स्पेनमधील सारागोसा येथील 380 च्या धर्मसभेचा. तिच्या चौथ्या नियमानुसार 17 डिसेंबरपासून 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत एकवीस दिवस कोणीही चर्चमधून गैरहजर राहू नये, घरात दडून बसू नये, रानावनांत अथवा डोंगरांत जाऊ नये आणि अनवाणी फिरू नये. या नियमात नाताळाचा निर्देश नाही, ‘आगमन’ हा शब्दही नाही. शिवाय ही सभा प्रिस्किलियनच्या अनुयायांच्या एकांतप्रिय व अतिकठोर आचारास आळा घालण्यासाठी भरलेली होती. म्हणजे ज्या नियमास आगमनकाळाच्या तपश्चर्येचे मूळ समजावयाचे, तोच नियम वस्तुतः खाजगी तपश्चर्येस मनाई करणारा आहे! त्यावरून इतकेच म्हणता येईल की, वर्षाच्या या भागास काही विशेष धार्मिक महत्त्व प्राप्त होऊ लागले होते.

उपवासाचा निःसंदिग्ध उल्लेख गॉलमध्ये मिळतो. तूर येथील बिशप ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या इतिहासग्रंथाच्या दहाव्या भागात पूर्वसूरी पेर्पेतुउस याने पाचव्या शतकात घालून दिलेला उपवासक्रम नोंदविला आहे. संत मार्टिन याच्या दफनदिनापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास असा तो क्रम होता. हे वाक्य नेहमी सुटे उद्धृत होते, आणि तेथेच घोटाळा होतो. मूळ यादी बहुतेक साऱ्या वर्षाची आहे. सप्टेंबरात व ऑक्टोबरात आठवड्यास दोन उपवास सांगितले असून मार्टिनच्या सणानंतर एक वाढविला आहे, इतकेच. आपल्याकडील चातुर्मासाची नेमधर्माची चढती श्रेणी ज्यांना परिचित आहे, त्यांना ही रचना नवलाची वाटणार नाही. पुढे 581 च्या सुमारास माकों येथील धर्मसभेने सोमवार, बुधवार व शुक्रवार हे वार ठरवून दिले आणि या दिवसांची मिस्सा ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पद्धतीने व्हावी असे सांगितले. ‘धाकटा उपवासकाळ’ या कल्पनेचा खरा आधार हा होय.

रोममध्ये याच सुमारास निराळे चित्र दिसते. पोप लिओ पहिला (440–461) याची डिसेंबरातील उपवासावरील प्रवचने उपलब्ध आहेत. परंतु तो त्यास ‘दहाव्या महिन्याचा उपवास’ म्हणतो आणि त्याचा संबंध नाताळाशी न जोडता घरात आलेल्या पिकाबद्दलच्या कृतज्ञतेशी व दानधर्माशी जोडतो. पोप ग्रेगरी पहिला (590–604) याचे लूकच्या एकविसाव्या अध्यायावरील प्रवचन परंपरेने आगमनकाळाचे मानले जाते. दोनच दिवसांपूर्वी झालेल्या वादळात झाडे उन्मळली, घरे व चर्चेस कोसळली, याची आठवण देऊन तो श्रोत्यांना जगाचा लोभ सोडून न्यायाधीशाच्या भेटीस सिद्ध होण्यास सांगतो. या प्रवचनाचा मध्य उपवास नसून जागरूकता आहे. ‘आद्व्हेंतुस’ हा शब्द पूर्वी सम्राटाच्या नगरप्रवेशास लावीत व तो रोमन नाण्यांवरही आढळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ग्रेगरीच्या भाषेची पार्श्वभूमी स्पष्ट होते. नगरजन राजास सामोरे जातात ते उत्सुकतेने, तसेच काहीशा धाकानेही.

आठव्या-नवव्या शतकांत रोमन उपासनाविधी फ्रँक राज्यात गेला आणि तेथील रूढींचा रंग घेऊन कालांतराने रोमला परतला. परिणामी जो मिश्र आगमनकाळ तयार झाला, त्यातील सांधा आजही डोळ्यांस दिसतो. ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत वगळले गेले, पण ‘आलेलुया’ राहिले. ईस्टरपूर्व उपवासकाळात मात्र दोन्ही मौन धरतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस, पुढे पोप इनोसंट तिसरा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या लोथार याने आगमनकाळासाठी काळी वस्त्रे सांगितली. पुढे जांभळा रंग रूढ झाला. मिलान नगरीने मात्र आपला सहा आठवड्यांचा आगमनकाळ सोडला नाही, आणि पौर्वात्य चर्चेसमध्ये 15 नोव्हेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा उपवास टिकून आहे.

पश्चिमेत उपवास हळूहळू शिथिल होत गेला व 1917 च्या धर्मविधिसंहितेत त्यास सर्वसाधारण बंधन म्हणून स्थान उरले नाही. 1969 च्या उपासनावर्षविषयक नियमांनी हा काळ भक्तिपूर्ण व आनंदमय प्रतीक्षेचा असल्याचे सांगितले, तेव्हा पुष्कळांना ही आधुनिक सवलत वाटली. प्रस्तुत लेखकाच्या मते तो रोमन थराकडे परत जाण्याचा प्रकार होता. जांभळा रंग मात्र राहिला, आणि ‘ग्लोरिया’ही वगळलेलेच राहिले, त्याचे कारण आता पश्चात्ताप असे दिले जात नाही, तर देवदूतांचे ते गीत नाताळाच्या रात्री नव्याने कानी पडावे, असे दिले जाते.