जिऱ्याची साक्ष

इतिहास म्हटला म्हणजे राजे, रणांगणें आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु फोडणींत क्षणभर तडतडणारें जिरेंही इतिहासाच्या दरबारीं साक्ष देऊं शकतें.

दीड-दोन वीत उंचीचें हें नाजूक रोप कोथिंबिरीच्या कुळांतलें. आपण ज्यास बीं म्हणतों तें वास्तविक त्याचें वाळलेलें फळ होय. पूर्व भूमध्यसागर व पश्चिम आशिया हें त्याचें माहेर. तेथें अक्कडी भाषेंत त्यास ‘कमूनु’ म्हणत. हिब्रूंत तें ‘कम्मोन’, अरबींत ‘कम्मून’ आणि ग्रीकांत ‘क्युमिनॉन’ झालें. मालाबरोबर त्याचें नांवही प्रवास करीत गेलें.

१९५२ सालीं मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें प्राचीन ग्रीसमधील मृत्तिकाफलकांच्या लिपीचा उलगडा केला. मायसीनी येथील इ. स. पूर्व तेराव्या शतकांतल्या फलकांवर काय निघालें? पराक्रमाचीं काव्यें नव्हेत, तर जिनसांच्या नोंदी. आणि त्यांत तीळ, धने व जिरें! हे फलक कच्च्या मातीचे होते. ज्या आगींत तेथील इमारती भस्मसात् झाल्या, तिनेंच ते भाजून टिकविले. वैभव गेलें, वाणसामानाची यादी मात्र उरली.

पुढें हा दाणा ग्रीकांच्या बोलण्यांतही शिरला. कृपण मनुष्यास ते ‘जिरें चिरणारा’ म्हणत. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत तो शब्द योजिला आहे. आपल्याकडील दृष्टि निराळी. संस्कृत ‘जीरक’ हा शब्द परंपरेनें ‘जॄ’ धातूपासून साधतात. अन्न जिरणें, पाणी जिरणें, इतकेंच काय, एखाद्याची जिरविणें, हे मराठी प्रयोगही त्याच धातूचे वंशज. ग्रीकांनीं त्याचा बारीकपणा पाहिला. आपण त्याचा पाचक गुण पाहिला. एकाच दाण्यावर दोन समाजांनीं आपापल्या स्वभावाची मुद्रा उमटविली!

आज जगांत सर्वांत अधिक जिरें भारतांतच पिकतें. गुजरात व राजस्थान येथील कोरडी थंडी त्यास मानवते, आणि उत्तर गुजरातेंतील उंझा ही त्याची मोठी पेठ आहे. परदेशचा पाहुणा घरचा यजमान झाला.

तें पेरणाऱ्या शेतकऱ्यांचीं किंवा फोडणींत टाकणाऱ्या गृहिणींचीं नांवें कोणत्याही शिलालेखांत नाहींत. मसाल्याच्या डब्यांत आणि रोजच्या शब्दांत मात्र त्यांचाच इतिहास सुरक्षित आहे. तो वाचण्यास नवी लिपि शिकावी लागत नाहीं. केवळ लक्ष द्यावें लागतें.