एडिटरची बांधणी : कंपाइल करतानाचे पर्याय आणि देवनागरी

एडिटरची बांधणी : मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रॅमचा, म्हणजे एडिटरचा, मूळ सोर्स कोड आपल्या संगणकावर कंपाइल करताना त्यात कोणत्या सोयी ठेवायच्या आणि कोणत्या वगळायच्या हे ठरवण्याची प्रक्रिया. एडिटर चालू असताना बदलता येणारी सेटिंग वेगळी आणि कंपाइल करताना दिलेला पर्याय वेगळा. सेटिंग आज एक, उद्या दुसरी ठेवता येते. कंपाइल करताना वगळलेली सोय मात्र त्या प्रोग्रॅममध्ये नसतेच. ती हवी असेल तर पुन्हा कंपाइल करावे लागते. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा विषय जोडाक्षरापर्यंत येऊन भिडतो, म्हणून या नोंदीत पंढरपुरात रोज लिहिले जाणारे शब्द उदाहरणाला घेतले आहेत.

दोन एडिटर मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत : व्हिम आणि ग्नू ईमॅक्स. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व्हीआय या एडिटरच्या धर्तीवर ब्राम मोलेनार यांनी व्हिम घडवला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी निघाली. मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये वारले, पण त्यांचे काम थांबलेले नाही. ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांचा, १९८५ पासूनचा. दोन्ही मुक्त आहेत, दोन्हींचा सोर्स कोड कुणालाही मिळतो, आणि दोन्ही लिनक्स, विंडोज, मॅकओएस अशा भिन्न प्रणालींवर बांधता येतात.

शब्दाचे वजन : ‘पंढरपूर’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो सात घटकांचा आहे : प, अनुस्वार, ढ, र, प, दीर्घ ऊकार, र. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून फाइलमध्ये या शब्दाची जागा २१ बाइट. एक बाइट म्हणजे एक अक्षर असे मानणाऱ्या जुन्या घडणीच्या एडिटरमध्ये ही फाइल उघडली की पंढरपूर नाहीसे होते. त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ सात वेळा दिसते, त्याच्या मागोमाग सहा वेळा चलनाचे गोल चिन्ह आणि एकदा, ऊकाराच्या जागी, जपानी येनचे चिन्ह. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना तो गोंधळ लगेच ओळखू येईल. फाइल बिघडलेली नसते. ती वाचणारा एडिटर अनेक-बाइटी अक्षरांच्या सोयीशिवाय बांधलेला असतो किंवा त्याला चुकीची संकेतपद्धती सांगितलेली असते.

व्हिममध्ये ही सोय ‘मल्टी-बाइट’ या नावाने अनेक वर्षे ऐच्छिक होती. जानेवारी २०१९ मध्ये, ८.१ मालिकेत, ती ऐच्छिक पर्यायांतून काढून कायमची आत घेतली गेली. तेव्हापासून व्हिम कितीही छोटा बांधला तरी त्याला यूटीएफ-८ कळते. मराठीच्या दृष्टीने व्हिमच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे, पण त्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. छपाईच्या आणि डीटीपीच्या व्यवसायात महाराष्ट्राची बरीच वर्षे श्रीलिपीसारख्या फॉन्टनिष्ठ पद्धतींवर गेली. तिथे मजकूर रोमन संकेतांतच साठवला जाई आणि मराठी फक्त फॉन्टच्या अंगावर दिसे. एडिटरला मराठी कळण्याची गरजच पडत नसे.

व्हिमचे पर्याय : लिनक्सवर व्हिम बांधण्याची वाट तीन पावलांची आहे : कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिल्या पावलाला ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट संगणक तपासते, कोणता कंपायलर आहे आणि कोणत्या लायब्ररी आहेत ते पाहते, आणि उत्तरे ‘ऑटो’ या फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग डॉट एच’ फाइलमध्ये लिहून ठेवते. ‘विथ-फीचर्स’ या पर्यायाने सोयींचा संच निवडायचा असतो. पूर्वी टायनी, स्मॉल, नॉर्मल, बिग आणि ह्यूज असे पाच संच होते. हल्ली टायनी, नॉर्मल, ह्यूज हे तीनच खरे उरले आहेत. कोणत्या संचात काय येते ते ‘फीचर डॉट एच’ या फाइलमध्ये वाचता येते. ती फाइल एकदा तरी उघडून पाहावी, कारण तिच्यातल्या टिपा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट आहेत. पायथन, लुआ यांसारख्या भाषांची जोड, जीटीके ३ ची खिडकी, संदेशांचे भाषांतर यांसाठी स्वतंत्र पर्याय आहेत.

बांधलेल्या व्हिमला त्याची आवृत्ती विचारली की तो सगळ्या सोयींची यादी छापतो. असलेल्या सोयीच्या आधी अधिक, नसलेलीच्या आधी उणे. डेबियन आणि उबुंटूवर बहुधा आधीपासून असतो तो व्हिम-टायनी. ‘माझ्या व्हिममध्ये हे चालत नाही’ या तक्रारीचे उत्तर त्या यादीतल्या एखाद्या उणे चिन्हात पुष्कळदा सापडते.

ह्यूज संच निवडला म्हणून मराठी जोडाक्षरे नीट दिसतील, असा समज मात्र चुकीचा आहे. व्हिम मजकूर चौकटींच्या जाळीत मांडतो. मात्रा आणि हलन्त यांना तो आधीच्या व्यंजनाच्या चौकटीत बसवतो, पण हलन्ताने जोडलेले पुढचे व्यंजन नव्या चौकटीत टाकतो. त्यामुळे ‘विठ्ठल’ आपल्या हिशेबाने तीन अक्षरांचा असला तरी व्हिमच्या हिशेबाने चार चौकटींचा : वि, ठ्, ठ, ल. टर्मिनलमध्ये तो जुळलेला दिसेल की फुटलेला, हे त्या टर्मिनलवर अवलंबून असते. यावर कंपाइलचा कोणताही पर्याय इलाज नाही. ज्याला सर्व्हरवरच्या फाइली दुरुस्त करायच्या आहेत, कोड लिहायचा आहे, त्याने व्हिम खुशाल वापरावा. ज्याला अभंगांची संहिता तपासायची आहे किंवा मराठीत लांब लेखन करायचे आहे, त्याने ईमॅक्स बांधावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

ईमॅक्स आणि हार्फबझ : अक्षरांचे घटक घेऊन फॉन्टमधली योग्य आकृती निवडणे, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणणे, रफार डोक्यावर चढवणे या कामाला आकारण म्हणता येईल. ईमॅक्समध्ये ते २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर लिबओटीएफ आणि एम१७एन-एफएलटी या लायब्ररींच्या आधाराने होत आले. ऑगस्ट २०२० मध्ये निघालेल्या २७.१ या आवृत्तीपासून हार्फबझ ही लायब्ररी वापरता येते आणि तीच आता पहिली पसंती आहे. ब्राउझर आणि मोबाइल यांतल्या फार मोठ्या भागात देवनागरी जुळवण्याचे काम हीच लायब्ररी करते.

इथे एक खोच आहे आणि या नोंदीचा मुख्य मुद्दाही तोच. ईमॅक्सची कॉन्फिगर स्क्रिप्ट जिफ, टिफ, जेपेग अशा चित्रांच्या लायब्ररी सापडल्या नाहीत तर थांबते. सुरक्षित जोडणीसाठी लागणारी ग्नूटीएलएस नसेल तरीही थांबते आणि ‘ही नको असेल तर तसे स्पष्ट सांगा’ असा संदेश देते. हार्फबझ सापडली नाही तर मात्र ती थांबत नाही. काम पुढे चालू राहते, बांधणी पार पडते, ईमॅक्स उघडतो, आणि मग मराठी फाइल उघडल्यावर अक्षरे सुटी दिसू शकतात. चित्र दिसणार नसेल तर इशारा मिळतो, आपली लिपी तुटणार असेल तर मिळत नाही. हे कुणी मुद्दाम केलेले नाही, पण त्याची किंमत देवनागरी, बंगाली, तमिळ लिहिणाऱ्यांना मोजावी लागते.

म्हणून कॉन्फिगर संपल्यावर शेवटी छापला जाणारा सारांश वाचल्याशिवाय ‘मेक’ देऊ नये. त्यात एकेका ओळीत प्रश्न आणि उत्तर असते. ‘ईमॅक्स हार्फबझ वापरतो का?’ या अर्थाच्या ओळीपुढे ‘येस’ हवे. ‘नो’ असेल तर बहुधा लायब्ररी संगणकावर असते, पण तिच्या हेडर फाइली नसतात. डेबियन घराण्यात त्या ‘लिबहार्फबझ-डेव्ह’ या पॅकेजमध्ये, फेडोरात ‘हार्फबझ-डेव्हल’मध्ये मिळतात. चालवायला लागणारी लायब्ररी आणि कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, हे नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. डेबियनवर एपीटीची ‘बिल्ड-डेप’ ही आज्ञा एडिटरला लागणारी अशी सगळी पॅकेजे एकदम आणते, मात्र त्याआधी सोर्स पॅकेजांची यादी चालू केलेली असावी लागते.

ईमॅक्सचे बाकीचे पर्याय थोडक्यात : २८ व्या आवृत्तीपासून नेटिव्ह कंपाइलेशन, २९ पासून कोडची रचना ओळखणारे ट्री-सिटर आणि वेलँडसाठी शुद्ध जीटीके. गती आणि सोय यांसाठी ते चांगले आहेत. मराठी अक्षराशी त्यांचा संबंध नाही.

निरनिराळ्या प्रणाली : विंडोजवर व्हिम बांधताना कॉन्फिगर स्क्रिप्ट वापरत नाहीत. मिंगडब्ल्यू आणि व्हिज्युअल सी यांच्यासाठी वेगवेगळ्या मेकफाइल दिलेल्या आहेत आणि पर्याय त्यांनाच सांगायचे असतात. त्यांतला ‘डायरेक्टएक्स’ हा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे अक्षरे डायरेक्टराइटकडून रेखता येतात. विंडोजवरचा ईमॅक्स एमएसवायएस २ मध्ये बांधतात. हार्फबझची डीएलएल तो चालू होताना शोधतो, आणि ती सापडली नाही तर विंडोजच्या जुन्या युनिस्क्राइबवर भागवतो. म्हणजे बांधताना सगळे बरोबर असूनही डीएलएल दुसऱ्या संगणकावर न नेल्यास निकाल बदलू शकतो. मॅकओएसवर ईमॅक्सची नेहमीची बांधणी अॅपलच्या कोअर टेक्स्टकडून आकारण करून घेते, त्यामुळे तिथे हार्फबझची चिंता नाही.

एकाच सोर्सपासून अनेक प्रणालींसाठी बांधायचे असेल तर दोन्ही प्रकल्पांनी चांगली सोय केली आहे. व्हिममध्ये ‘मेक शॅडो’ दिले की मूळ फाइलींकडे बोट दाखवणारे एक सावलीचे फोल्डर तयार होते आणि बांधणी त्यात होते. मूळ फोल्डर स्वच्छ राहते. ईमॅक्ससाठी वेगळे रिकामे फोल्डर करून तिथून मूळ कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवायची. एका फोल्डरमध्ये एकदा बांधून, पर्याय बदलून तिथेच पुन्हा बांधले तर जुने निष्कर्ष उरतात. व्हिममध्ये अशा वेळी ‘मेक रीकॉन्फिग’ द्यावे.

पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे श्री विठ्ठल एज्युकेशन अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९८ पासून आहे. अशा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काही संगणक नवे, काही जुने असणे स्वाभाविक असते आणि विद्यार्थ्याकडे प्रशासकाचा पासवर्ड नसतो. तिथे ‘प्रिफिक्स’ हा पर्याय कामाचा आहे. एरवी एडिटर सगळ्यांसाठीच्या ‘यूएसआर-लोकल’ फोल्डरमध्ये बसायला जातो आणि परवानगी नाकारली जाते. प्रिफिक्समध्ये आपल्या होम फोल्डरमधली जागा दिली की कुणालाही न विचारता बसतो. नव्या संगणकावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर नेताना मात्र जपावे. जुन्या संगणकावरची ग्लिबसी, म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी, जुनी असेल तर तो चालणार नाही, आणि कंपायलरला ‘मार्च-नेटिव्ह’ सांगून बांधला असेल तर जुना प्रोसेसर ‘अवैध सूचना’ म्हणून त्याला बंद पाडेल. सर्वांत जुन्या संगणकावर बांधून बाकीच्यांवर नेणे हा खात्रीचा मार्ग.

चाचणीचे शब्द : बांधणी झाल्यावर ‘नमस्ते’ दिसले म्हणजे झाले असे समजू नये. पंढरपुरातल्या पाट्यांवरचे शब्दच पुरेशी चाचणी घेतात. ‘विठ्ठल’मध्ये ऱ्हस्व इकार आणि एकावर एक ठ, ‘रुक्मिणी’मध्ये रु ची खास आकृती आणि क्म, ‘प्रदक्षिणा’मध्ये प्र आणि क्ष, ‘कार्तिकी’मध्ये रफार, ‘चंद्रभागा’मध्ये द्र. सहावा शब्द सर्वांत महत्त्वाचा : ‘वारकऱ्यांचा’. यातला अर्धा र खास मराठीचा आहे. हिंदीसाठी तपासलेली बांधणी किंवा फॉन्ट इथे चुकू शकतो आणि ‘वारकर्यांचा’ असे डोक्यावर रफार चढलेले रूप समोर येते. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पहिल्या रीतीने हा शब्द ११ घटकांचा आणि ३३ बाइटांचा होतो, दुसऱ्या रीतीने १२ घटकांचा आणि ३६ बाइटांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा शोध घेतला की दुसरा सापडत नाही. संतवाङ्मयाच्या संहिता टंकित करणाऱ्यांनी एकच रीत ठरवावी, आणि ती पहिली असावी.

ईमॅक्स कोणत्या पर्यायांनी बांधला हे नंतर ‘सिस्टिम-कॉन्फिगरेशन-ऑप्शन्स’ या व्हेरिएबलमध्ये पाहता येते, तर प्रत्यक्ष कोणत्या सोयी आत आल्या हे ‘सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स’मध्ये. आपल्या संगणकावरच्या ईमॅक्समध्ये ही दुसरी यादी आजच उघडून तिच्यात हार्फबझचे नाव आहे का ते पाहा. लिनक्सवर ते नसेल तर हेडर फाइलींचे पॅकेज आणा आणि ईमॅक्स पुन्हा बांधा.