चुलीचा धूर म्हणजे वाया गेलेले लाकूड

गोव्यातील बहुतेक घरांत आता रोजचा स्वयंपाक गॅसवर होत असला, तरी चूल पूर्णपणे विझलेली नाही. न्हाणीघरातील तांब्याच्या भाणाखाली, भात उकडण्यासाठी परसात मांडलेल्या दगडांवर आणि चतुर्थीला घर माणसांनी भरले की मागच्या पडवीत ती आजही पेटते. पावसाळ्याच्या पुरुमेंतात सुकी मासळी, मिरच्या यांच्याबरोबर लाकडांचीही बेगमी केली जाते. मात्र चूल सवयीची असल्याने तिचा धूरही सवयीचा होऊन जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुली-शेगड्यांच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. फुफ्फुसांचे जुनाट विकार, हृदयविकार, पक्षाघात आणि लहान मुलांचा न्यूमोनिया ही त्यांमागील प्रमुख कारणे होत.

धूर का होतो?

लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ज्योत म्हणून दिसते ते मुख्यतः या वायूंचे जळणे. त्यासाठी पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा लागते. यांपैकी काहीही कमी पडले की ते वायू अर्धवट जळून धुराच्या रूपाने निघून जातात. त्यामुळे धूर हे वाया गेलेले इंधनच असते आणि धूर कमी करण्याचे उपाय तेच लाकूड वाचवण्याचेही उपाय ठरतात.

लाकूड सुके हवे

नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. एक किलो ओल्या लाकडातील अर्धा लिटर पाण्याची वाफ करण्यात जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढ्या उष्णतेत सुमारे ४ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवता येते. म्हणून लाकडे हिवाळ्यातच फोडून मे महिन्यापर्यंत उन्हात वाळवावीत. फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा लवकर सुकते. सुकलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो.

रास जमिनीला टेकवून न रचता खाली दगड किंवा फळ्या घालाव्यात. वरून आच्छादन असावे, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळता राहतो. पावसाळ्यात राशीत साप, विंचू आसरा घेतात. त्यामुळे आत थेट हात न घालता आधी काठीने लाकूड हलवावे आणि पायांत चप्पल असावी.

रंग दिलेले लाकूड, प्लायवूडचे तुकडे आणि प्लास्टिक चुलीत घालू नये. पावसात आग धरत नाही म्हणून प्लास्टिकची पिशवी पेटवण्याची सवय अनेक घरांत आहे. तिचा धूर विषारी असतो. कण्हेरीचे लाकूडही वर्ज्य मानावे. काजूबियांच्या टरफलांतील तेल दाहक असल्याने ती घरातील चुलीत जाळू नयेत. नारळाची सुकी सोडणे, करवंट्या आणि चुडते आग पेटवण्यास उत्तम. पेटत्या किंवा धुमसत्या चुलीवर रॉकेल कधीही ओतू नये.

पेटवताना आणि रांधताना

आधी चुलीतील जुनी राख काढून हवेला वाट करून द्यावी. मनगटाएवढ्या जाडीची दोन-तीन फाटी पुरतात. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरल्यास हवा अडते आणि धूर वाढतो. लाकूड जसजसे जळेल, तसतसे आत सरकवावे. धूर दिसू लागला की आणखी लाकूड घालण्याआधी फुंकणीने हवा द्यावी.

भांड्यावर झाकण ठेवावे, कडधान्ये आधी भिजवावीत आणि उकळी आल्यावर एखादे लाकूड मागे ओढावे. उकळते पाणी मोठ्या जाळाने अधिक गरम होत नाही. त्याची फक्त वाफ अधिक होते. चुलीला वैल असल्यास त्यावर पाण्याचे भांडे ठेवावे.

धुराला वाट, हवेला वाव

जुन्या कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. स्लॅबच्या खोलीत तो कोंडतो. अशा खोलीत चूल असेल, तर छपराच्या वर जाणारे धुराडे आणि समोरासमोर उघडी दार-खिडकी आवश्यक आहे. धुराड्यातील काजळी वरचेवर काढावी, कारण साचलेली काजळी पेट घेऊ शकते. धुराडे लाकडी वासे आणि रिपांना टेकलेले नसावे.

धूर न देणारे लालभडक निखारेही कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतात. त्याला रंग नाही आणि वास नाही. बंद न्हाणीघरात जळती चूल ठेवून आंघोळ करणे किंवा बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी रात्रभर ठेवणे जिवावर बेतू शकते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ जाणवताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि १०८ वर संपर्क साधावा.

आग आणि भाजणे

गॅस सिलिंडर असलेल्या खोलीत चूल पेटवू नये. ओढणी, पदर नीट खोचावा. सैल कृत्रिम धाग्यांचे कपडे टाळावेत. मुलांना चुलीपासून दूर ठेवावे आणि पाण्याची बादली हाताशी असावी. मात्र कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. झाकण घालून खालची लाकडे ओढावीत. राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात. ती लोखंडी घमेल्यात काढून पूर्ण थंड झाल्यावरच माडाच्या आळ्यात घालावी.

भाजल्यास तो भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बांगड्या, अंगठ्या काढाव्यात, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. जखम मोठी असल्यास अथवा चेहरा, हात किंवा डोळे भाजल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. आग आटोक्याबाहेर गेल्यास घर रिकामे करून अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.